गाडी खाली, दिवा वर

गौरी-गणपतीला भाचा धाराशिवला आला. अंगणात लावलेली त्याची आर-१५ मला मागून बसल्यासारखी दिसली. चाक पंक्चर असावं म्हणून वाकून टायर दाबून पाहिलं, तर हवा टिच्चून भरलेली. "पंक्चर नाही मामा, उतरवलीय," तो म्हणाला. मागच्या शॉकअपच्या लिंकमधल्या दोन पट्ट्या काढून त्या जागी लेथवर करून घेतलेल्या लांब पट्ट्या बसवल्या होत्या. मागची बाजू तीस मिलिमीटर, म्हणजे इंचाहून थोडी जास्त, खाली आली होती. पुढं काहीच केलेलं नव्हतं. "आता कशी जमिनीला चिकटून पळती बघा. लई स्टेबल झाली."

या 'लई स्टेबल'ला उत्तर द्यायला हा लेख. भाच्याला तोंडी सांगून झालं, पटलं नाही. नंतर सहज म्हणून शहरातल्या दोन-चार गॅरेजांसमोरून चक्कर मारली, तर एमएच-२५ पासिंगच्या गाड्यांमध्ये हा प्रकार त्याच्या एकट्याचा नाही हे दिसलं. कुणी मागून उतरवलेली, कुणी फोर्कचे पाइप वर ओढून पुढून उतरवलेली, आणि एकाने तर स्प्रिंगच कापलेली. शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. फळ्यावर शिकवलेलं रस्त्यावर असं उलटं वापरलेलं दिसलं की हात शिवशिवतात.

खंडन करायचं तर समोरच्याचं म्हणणं आधी त्याच्याहून नीट मांडावं, ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वपक्ष लंगडा उभा करून त्याला पाडण्यात कसला पुरुषार्थ? तेव्हा भाच्याच्या बाजूने मीच बोलतो. वजन जितकं खाली तितकी गाडी स्थिर, हे शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. कडबा उंच रचलेली बैलगाडी नाल्याच्या उतारावर डुलते. उसाची ट्रॉली कलंडते ती शेंड्यापर्यंत भरल्यामुळे. शर्यतीची मोटार जमिनीला पोट घासेल इतकी बसकी असते. सरळ रेषेत चारशे मीटर पळवायच्या ड्रॅग शर्यतीच्या मोटरसायकली उतरवूनच पळवतात. आणि मोटोजीपीत तर गाडी पळता पळता खाली बसवतात. शिवाय सिग्नलला दोन्ही पाय सपाट टेकतात, त्याने धीर येतो. आणि गाडी दिसते झकास. यातलं शेवटचं मी वादात घेत नाही. दिसण्याच्या हौसेला उत्तर नसतं. रीलसाठी उतरवली असं कुणी सरळ म्हटलं तर माझं भांडण निम्म्यावर येतं.

बाकीचं मात्र तपासू.

बैलगाडी आणि मोटरसायकल यांना एकाच मापात मोजणं ही पहिली चूक. बैलगाडीची दोन चाकं शेजारी-शेजारी आहेत, त्यांच्यामध्ये रुंदी आहे. त्या रुंदीच्या आत वजन राहिलं तर गाडी उभी, बाहेर गेलं तर आडवी. म्हणून तिथं वजन खाली असावं हे शंभर टक्के खरं. मोटरसायकलला अशी रुंदीच नाही. तिची चाकं एकामागे एक; ती उभी नसते, तोललेली असते. चालवणारा दर क्षणी हँडल केसभर इकडे-तिकडे करून चाकं वजनाच्या खाली नेत राहतो. म्हणजे तिचं नातं बैलगाडीशी नाही, तळहातावर तोललेल्या काठीशी आहे. संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज पेलत चालणारे मानकरी आपण पाहतो. ज्याला ते नवल वाटतं त्याने घरी येऊन आधी हातभर काठी आणि मग पेन्सिल तळहातावर उभी करून पाहावी. पेन्सिल सावरायच्या आत पडते, काठी विचार करून पडते. उंची चौपट झाली की पडायला लागणारा वेळ दुप्पट होतो. उंच वजन तोलायला सोपं असतं, अवघड नसतं.

आता इथं मला माझ्याही बाजूला चिमटा काढला पाहिजे. आर-१५ सारख्या गाडीचं आणि स्वाराचं मिळून वजनाचं केंद्र जमिनीपासून साठेक सेंटिमीटरवर धरलं, तर मागून तीस मिलिमीटर उतरवल्याने ते फार तर दोन सेंटिमीटर खाली येतं. साठातले दोन, म्हणजे शंभरात तीन. तोल जाण्याच्या वेळेत यानं दोन टक्क्यांचाही फरक पडत नाही. म्हणजे केंद्र खाली आल्याने गाडी स्थिर झाली हे जसं खोटं, तसं त्यामुळेच ती अस्थिर झाली असं मी म्हणालो तर तेही खोटं. ब्रेक मारताना मागचं चाक उचलण्याची घाई थोडी कमी होते, तीही या तीन टक्क्यांपुरतीच. हा सगळा चिल्लर व्यवहार आहे.

मग भाचा खोटं बोलतो का? नाही. मी त्याची गाडी येडशीपर्यंत नेऊन आणली. चौपदरी महामार्गावर ती खरंच मूळ गाडीपेक्षा सरळ, ठाम चालते. अनुभव खरा आहे, कारण चुकीचं सांगितलं जातं. आणि सगळी गंमत त्या चुकीच्या कारणातच आहे.

मागची बाजू तेवढी खाली आली म्हणजे गाडी अख्खी मागे कलली. आर-१५ च्या दोन चाकांमधलं अंतर १,३२५ मिलिमीटर. त्यात एका टोकाला तीस मिलिमीटरचा उतार म्हणजे १.३ अंश. हँडलचा दांडा उभ्या रेषेपासून मुळात साडेपंचवीस अंश कललेला असतो, तो आता २६.८ झाला. त्या दांड्याची रेघ मनाने जमिनीपर्यंत वाढवली तर ती पुढचं चाक टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. या दोन ठिपक्यांतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. दवाखान्यातल्या ढकलगाडीची लहान चाकं ढकलताच आपोआप सरळ होतात ती याच अंतरामुळे: धरायची जागा पुढे, टेकायची जागा मागे. कंपनीने या गाडीचं ट्रेल ८८ मिलिमीटर ठेवलंय. कोन बदलल्यावर माझ्या हिशेबाने ते पंच्याण्णव-शहाण्णवच्या घरात जातं. एका झटक्यात सात-आठ मिलिमीटर. पुढचं चाक आता सरळ राहण्याचा हट्ट आधीपेक्षा जास्त करतं. भाच्याला जाणवलेली 'स्टेबिलिटी' ती हीच. गाडी जमिनीला चिकटली नाही. तिची मान ताठ झाली.

ताठ मानेची गाडी सोलापूर-येडशी महामार्गावर सुखाची वाटते, यात शंका नाही. पण सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढायला लागा. बालाघाटाची ही धार फार उंच नाही, वळणंही सह्याद्रीसारखी तीव्र नाहीत. तरी तेवढ्यात कळतं. गाडी वळणात पाडायला हँडलवर जास्त जोर लागतो. पाडली तरी ती आतली रेघ धरत नाही, बाहेरच्या कडेकडे सरकत राहते. "वळणात थ्रॉटल दिला की बाहेर जाती," हे भाचा स्वतःच बोलला; दोष मात्र त्याने टायरला दिला. यात दुसरं एक कारणही मिसळलेलं आहे, आणि ते गॅरेजात कुणी सांगत नाही. मागचं चाक ज्या चिमट्यात बसतं, तो चिमटा मूळ गाडीत पुढून मागे खाली उतरत जातो. थ्रॉटल दिला की चेन ओढते आणि या उतारामुळेच गाडीचं ढुंगण खाली बसायला विरोध होतो. गाडी उतरवली की चिमटा आडवा होतो, विरोध कमी होतो. वळणातून बाहेर पडताना गाडी मागे आणखी बसते, पुढचं चाक आणखी हलकं होतं आणि रेघ आणखी सुटते. म्हणजे एकाच पट्टीने दोन बाजूंनी नुकसान. गाडी बिघडली असं वाटत नाही, आपणच नीट चालवत नाही असं वाटतं. माणूस मग टायर बदलतो, हवा कमी-जास्त करतो, देवाला नारळ फोडतो.

कोनाचा मी इतका बाऊ करतो आहे तर एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर जाणकार वाचक मला धरतील. मोटरसायकलच्या चौकटीवर आयुष्यभर काम केलेल्या टोनी फोएल यांनी एका बीएमडब्ल्यूवर हँडलचा कोन कमी करत करत शून्यापर्यंत, म्हणजे दांडा अगदी उभा होईपर्यंत नेला, आणि गाडी नीट चालते असं दाखवलं. साडेपंचवीस हा काही वेदातला आकडा नाही. पण फोएल यांनी कोन बदलताना ट्रेल सांभाळलं होतं, त्यासाठी पुढची रचनाच नव्याने केली होती. आपल्या गॅरेजात ट्रेल कुणी मोजलेलंही नसतं.

पुढून उतरवणाऱ्यांची तऱ्हा याच्या बरोबर उलट. फोर्कचे पाइप टीमधून पंधरा-वीस मिलिमीटर वर ओढले की कोन कमी होतो, ट्रेल आखडतं, गाडी पाऱ्यासारखी होते. नुसतं बघितलं तिकडे वळते. शहरात पोरांना याची भुरळ पडते. महामार्गावर शंभरच्या पुढे ट्रकला ओलांडताना वाऱ्याचा झोत आला की हँडल थरथरायला लागतं, तेव्हा ती उतरते. शिवाय जोरात ब्रेक मारल्यावर पुढचं चाक वर येतं ते रेडिएटरच्या किती जवळ येतं, हे आधी मोजायचं असतं. मोजत नाहीत. स्प्रिंग कापणाऱ्यांबद्दल मी लिहीतच नाही. त्यांनी हा लेख वाचायचं सोडून मूळ स्प्रिंग शोधायला लागावं.

मोटोजीपीचा दाखला राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ही शर्यत भारतात झाली, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक पोरगा त्यातला तज्ज्ञ आहे. गाडी खाली बसवायची ही युक्ती डुकाटीने आणली आणि बाकीच्यांनी उचलली, हे बरोबर. पण ती कधी बसते ते नीट बघा. वळण संपलं, गाडी उभी होत आली, पूर्ण ताकद लावायची आहे, तेव्हा. पुढचं चाक उचलू नये म्हणून. पुढच्या वळणाआधी ब्रेक लागला की ती पुन्हा आपल्या मूळ उंचीवर येते. वळणात उतरलेली गाडी नको म्हणून तर एवढा खटाटोप! ड्रॅगच्या गाडीचंही तेच. तिच्या नशिबात वळणच नाही. म्हणजे भाच्याचा साक्षीदार साक्ष माझ्याच बाजूने देतो. या यंत्रणांपैकी पुढची बाजू पळताना खाली बसवणारी २०२३ पासून बंद झाली आणि २०२७ च्या हंगामापासून सगळ्याच बंद करायचा नियम झाला आहे.

आता रस्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, सतरा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्यावर आर-१५ उभी केली तर दोन चाकांच्या मध्ये तो जेमतेम तेरा मिलिमीटर वर येतो. भाच्याची उतरवलेली गाडीच काय, तिच्याहून बसकी गाडीही त्यावरून पोट न लावता जाईल. पण असा गतिरोधक कुणी पाहिलाय? आमच्या जिल्ह्यात वेशीवर, शाळेपुढे, आणि पुढाऱ्याच्या घरापुढे जो असतो तो वीतभर उंच, हातभर रुंद आणि मनाला येईल त्या मालाचा. कंपनी गाडीचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटरवर सांगते. त्यातून उतरवलेलं वजा करा, मागे बसलेल्या मित्राचं वजन वजा करा, ऊस गळिताच्या हंगामात ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या वजा करा. उरतं ते पोटाखालच्या फायबरच्या तुकड्यांच्या रूपाने गतिरोधकाच्या पलीकडे पडलेलं असतं.

बरं, लांब पट्ट्यांनी लिंकचा हिशेब बदलतो आणि सहसा मागची स्प्रिंग आधीपेक्षा मऊ वाटू लागते. चाक सीटच्या खालच्या भागाला तीस मिलिमीटरने आधीच जवळ गेलेलं, त्यात खड्डा आला की टायर आतल्या मडगार्डला घासतो. सोयाबीनच्या दिवसांत रस्त्यावर पसरलेला भुसा, पावसाळ्यात शेतातून ट्रॅक्टरबरोबर आलेली काळी माती, या सगळ्यात वळणावर अचानक आतली रेघ धरावी लागते. आणि तीच रेघ आता गाडी धरत नाही.

काळ्या मातीवरून साइड स्टँड आठवला. गाडी उतरली, स्टँड मूळ लांबीचाच राहिला. गाडी आता जवळजवळ सरळ उभी राहते. वाऱ्याने नाही, पण शेजारून गेलेल्या म्हशीच्या धक्क्याने ती पलीकडे आडवी होते. भाच्याची दोनदा झाली आहे. उतरवलेली गाडी 'स्टेबल' असते याचा हा उभा, म्हणजे आडवा, पुरावा.

खंडन एवढं पुरे. आता ज्यांना हे वाचून आनंद झाला असेल त्यांच्याकडे वळतो, कारण माझं निम्मं भांडण त्यांच्याशी आहे. उतरवलेल्या गाडीला नावं ठेवणारा एक वर्ग आहे, आणि त्याचं एक ठरलेलं वाक्य आहे: पाय पुरत नसतील तर स्कूटी घे. बुटक्या माणसाला आणि त्याहून जास्त वेळा मुलींना हे ऐकवलं जातं. हे वाक्य हँडलिंगबद्दलचं नाही, लायकीबद्दलचं आहे, आणि ते खोटं आहे. दानी पेड्रोसा या स्पॅनिश स्वाराची उंची १६० सेंटिमीटरच्या आसपास. त्याने मोटोजीपीच्या सर्वांत मोठ्या वर्गात ३१ शर्यती जिंकल्या, त्याआधी लहान वर्गांत तीनदा जगज्जेता झाला. त्याला कुणी स्कूटी घ्यायला सांगितलं नाही. पाय न पुरणं ही खरी अडचण आहे. कंपन्यांनीच ती वाढवलीय: २००८ मधल्या पहिल्या आर-१५ ची सीट ७९० मिलिमीटरवर होती, दुसरीची ८०० वर गेली, २०१८ च्या तिसरीपासून ती ८१५ वर आहे. दहा वर्षांत पंचवीस मिलिमीटर. आपल्या माणसांची उंची तेवढ्यात काही इंचभर वाढलेली नाही. चाकणला बनणाऱ्या केटीएमच्या आरसी ३९० ची तर ८२४. तेव्हा अडचण सांगणाऱ्याला हसू नये. त्याला चुकीचं औषध दिलं जातंय, तक्रार एवढीच आहे.

औषध चुकीचं कसं, ते हिशेबातच दिसतं. मागचं चाक तीस मिलिमीटरने उतरवलं म्हणजे सीट तीस मिलिमीटरने उतरत नाही. बूड टेकतं ते दोन चाकांच्या मध्ये, मागच्याच्या बाजूला. तिथं मिळतात वीस-एकवीस. कोन गेला, ट्रेल गेलं, चिमट्याचा उतार गेला, स्टँड गेला, आणि पदरात वीस मिलिमीटर. हेच वीस मिलिमीटर सीटचा फोम काढून मिळतात. सीटचं काम करणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे. त्याला सांगायचं की फोम फक्त जाडीत नको, पुढच्या बाजूने दोन्ही मांड्यांकडून उतरता कर. पाय सरळ खाली जातो तेव्हा रुंदीच उंचीइतकी नडत असते, हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. स्पोर्ट गाडीची सीट आधीच फळीसारखी, त्यातून फोम काढला तर नळदुर्गपर्यंत जाऊन येताना पाठ बोलेल, हे मान्य. तरी पाठ बोलणं परवडतं. जाड तळाचा, घोट्यावर येणारा बूट घातला की आणखी पंधरा-वीस मिळतात. आणि स्लीपर घालून दीडशे सीसीची गाडी चालवणाऱ्याला बूट घालायला लावणं हा फायदा वेगळाच.

पण यातलं खरं औषध पैशाचं नाही. दोन्ही पाय सपाट टेकलेच पाहिजेत हा समज सोडायचा. थांबताना बूड सीटवरून डावीकडे अर्धं सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा. ज्याला हे जमतं त्याला ८१५ आणि ७९० मधला फरक कळतही नाही. आठवडाभर मोकळ्या मैदानात सरावाचं काम आहे. आणि सावकाश चालवायला शिकायचं असेल तर आमच्या जिल्ह्यात त्याची शाळा दरवर्षी भरते. नवरात्राआधी गावोगावची तरुण मंडळं तुळजापुरात येतात, भवानीची ज्योत पेटवून धावत आपापल्या गावी नेतात. धावणाऱ्याबरोबर मोटरसायकली असतात, धावणाऱ्याच्याच वेगाने, तासाला आठ-दहा किलोमीटर, तासन्‌तास. त्या वेगात पाय टेकत-टेकत चालवणारा पाच किलोमीटरांत थकतो. ज्याने अर्धा क्लच आणि मागचा ब्रेक यांचा मेळ बसवलाय, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दूर ठेवली आहे, तो पाय फूटरेस्टवरून न काढता गावची वेस गाठतो. त्यातल्या कुणाची उंची किती हे पाहत बसावं लागत नाही.

एवढं करूनही कुणाला गाडी उतरवायचीच असेल, तर मी आडवा पडणार नाही. बीएमडब्ल्यू आणि ट्रायम्फसारख्या कंपन्या स्वतः काही गाड्यांच्या बसक्या आवृत्त्या विकतात. केटीएमनेही ३९० ॲडव्हेंचरची ८५५ मिलिमीटरची सीट ८३० वर आणलेली आवृत्ती २०२३ मध्ये आपल्याकडे काढली. उतरवणं पाप नाही. एका बाजूने उतरवणं, न मोजता उतरवणं, हे पाप आहे. दोन्ही टोकं सारखी खाली आली तर हँडलचा कोन होता तिथंच राहतो. म्हणून थोडंच उतरवावं, दहा-पंधरा मिलिमीटर, आणि मागे जेवढं तेवढंच पुढे. ब्रेक पूर्ण दाबून पुढचं चाक कुठं लागत नाही ना हे पाहावं. चेनचा ढिलेपणा नव्याने जुळवावा, कारण चिमट्याचा कोन बदलला की तो बदलतो. स्टँड तेवढाच आखूड करून घ्यावा. जमीन जवळ आली आहे हे वळणात लक्षात ठेवावं. फूटरेस्ट टेकण्याआधीचे दोनएक अंश तुम्ही विकून बसलेले असता. कायदा कुठल्या बाजूला आहे हेही माहीत असू द्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि त्याच वर्षीच्या कायद्यातल्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. चौकातला हवालदार सायलेन्सर ऐकतो, लिंकच्या पट्ट्या पाहायला वाकत नाही. पण अपघातानंतर सगळेच वाकून पाहतात.

शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो गाडीवाल्याचा नाही, समोरच्याचा आहे. गाडी मागे कलली म्हणजे हेडलाइट वर कलला. १.३ अंश ऐकायला काही नाही. पन्नास मीटरवर त्याचा झोत आधीपेक्षा एक मीटरहून जास्त वर जातो. आपण डिपरवर आहोत या समाधानात तुम्ही चालवता, आणि समोरच्याच्या डोळ्यांत अप्पर पडत असतो. चौपदरी रस्त्यावर मधे दुभाजक आहे, निभावतं. तुळजापूरहून नळदुर्गला, ढोकीहून कळंबला, गावोगावच्या आतल्या रस्त्यांना तो नाही. डोळे दिपलेला माणूस आधी कडेला पाहतो, आणि कडेला माणसं चालत असतात. नवरात्रात, आणि विशेषतः कोजागरीच्या आधीच्या रात्री, सोलापूरकडून, कर्नाटकातून, बार्शीकडून हजारो लोक पायी तुळजापूरला येतात. पुष्कळांच्या पायात चप्पल नसते, बहुतेकांच्या अंगावर चमकणारं काही नसतं.

तपासायला लेथ लागत नाही. रात्री घराच्या भिंतीपासून दहा मीटरवर, सपाट जमिनीवर गाडी उभी करा. जेवढी उतरवली तेवढ्याच जाडीची फळी मागच्या चाकाखाली सारा. गाडी मूळ कलावर आली. डिपर लावून झोताच्या वरच्या कडेला खडूने रेघ मारा. मग फळी काढा आणि पुन्हा रेघ मारा. परवा रात्री भाच्याने आणि मी हे करून पाहिलं. दोन रेघांच्या मध्ये माझी एक वीत बसली.

पट्ट्या त्याने अजून बदललेल्या नाहीत. हेडलाइटचा स्क्रू मात्र तिथंच फिरवून खालच्या रेघेवर आणला. ज्यांनी ज्यांनी गाडी उतरवली आहे त्यांनी एवढं तरी घटस्थापनेच्या आत करून घ्यावं.